हनुवटीतला ‘तुम्ही’

अर्जातला सातवा रकाना तेवढा भरायचा राहिला होता. ‘तुम्हाला काय काय येतं?’ असा साधा प्रश्न आणि पुढे चार ओळींची मोकळी जागा. ईश्वरी म्हेत्रे त्या जागेकडे बघत बसली, उठून पाणी प्यायली, परत येऊन बसली. जागा मोकळी ती मोकळीच.

त्या वर्षी नवा नियम निघाला होता. तेरा ते सोळा वयाच्या मुलांना घरबसल्या ऑनलाइन काम करता येणार होतं. पण दिवसाला दोनच तास, तेही दिवस मावळायच्या आत. शाळेचा दाखला हवा, पालकांची संमती हवी, आणि मुलाचा चेहरा किंवा आवाज कुणालाही वापरायला द्यायचा नाही. ईश्वरीच्या नववीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांकडे एव्हाना किशोर-काम कार्ड आलं होतं. शेजारच्या बाकावरची समीक्षा उपग्रहाच्या चित्रांत बुजलेल्या विहिरी शोधायची. मागच्या बाकावरचा एकजण परदेशातल्या एका आजोबांशी रोज तासभर मराठीत गप्पा मारायचा. त्यांना तेवढंच हवं होतं.

ईश्वरीला वाटायचं, आपल्याला खास असं काही येतच नाही.

तिच्या आईवडिलांना ऐकू येत नव्हतं. वडील विरूपाक्ष इचलकरंजीत उत्तुरे शेठच्या कापडाच्या कारखान्यात मागावर होते आणि आई सुजाता घरी ब्लाउज शिवायची, पिको-फॉल करायची. दोघंही जन्मापासून बहिरे. घरात बोलणं चालायचं ते हातांनी, डोळ्यांनी, भुवयांनी. ईश्वरीला मात्र ऐकू यायचं. त्यामुळे वयाच्या चौथ्या वर्षापासून घराचं तोंड तीच. गॅसवाला, दवाखाना, वीजबिलाची तक्रार, सगळीकडे ती मधे उभी. शाळेतल्या पालकसभेत बाईंनी केलेली स्वतःविषयीची तक्रारसुद्धा तिने स्वतःच पप्पांना हातांनी सांगितली होती, आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितली होती. जवळजवळ.

पण याला कुणी काम म्हणतं का? पोळ्या लाटणं, पाणी भरणं, तसंच हे. रकाना कोरा ठेवूनच तिने अर्ज धाडून दिला.

पहिलं काम मिळालं ते हरण्याचं. एका खेळाच्या कंपनीला अशी मुलं हवी होती, जी पैसे भरून खेळणाऱ्या मुलांशी चुरशीने खेळतील आणि शेवटी हरतील. यंत्राशी जिंकण्यात मुलांना मजा येत नाही, समोर खरं माणूस लागतं. ईश्वरी नऊ दिवस नीटनेटकी हरली. दहाव्या दिवशी मम्मी मागे येऊन उभी राहिली आणि खेळ संपल्यावर तिने हातांनी विचारलं, “तुला ती चाल दिसली होती. मग मुद्दाम का हरलीस?”  ईश्वरीने ते काम त्याच दिवशी सोडलं.

दुसरा निरोप आला तो आडमार्गाने. ‘नुसती तीस पानं वाचून रेकॉर्ड कर, कार्डबिर्ड लागत नाही.’ म्हणजे आवाजच हवा होता त्यांना. तिघांत मिळून घरात एकच आवाज होता. तो असा ओळखदेख नसलेल्या माणसांना देऊन टाकायचा? तिने तो निरोप खोडला आणि शाळेतल्या बाईंना दाखवलाही.

मग श्रावणात ते सेवा केंद्राचं घडलं.

पप्पांना दाखल्यावरचा फोटो बदलून घ्यायचा होता. केंद्राच्या खिडकीवर नवं यंत्र बसवलं होतं, ‘हस्तवाणी’ नावाचं. हाताला पट्टी बांधायची, खुणांनी बोलायचं, आणि यंत्र ते मराठीत बोलून दाखवणार. पप्पा हौसेने पुढे झाले. ईश्वरीला त्यांनी हातानेच मागे सारलं. आज तुला सुट्टी. त्यांनी खूण केली, ‘फोटो जुना झालाय.’ यंत्र खणखणीत आवाजात म्हणालं, “फोटो म्हातारा झालाय.”

रांगेत हशा पिकला. पप्पांना कळेना लोक का हसतात. तेही थोडे हसले. ते त्यांचं हसणं ईश्वरीला सोसवलं नाही.

खिडकीच्या कडेला ‘चूक कळवा’ असं बटण होतं. तिने ते दाबलं. ‘आमच्याकडे जुना आणि म्हातारा ही एकच खूण आहे. फरक गालांत असतो. म्हातारा म्हणताना गाल आत ओढतात. तुमचं यंत्र गाल बघत नाही,’ असं तिने लिहिलं. पप्पांचं काम होईपर्यंत यंत्राने केलेल्या आणखी बावीस चुका तिने घरी जाऊन त्याच पत्त्यावर लिहून पाठवल्या.

चौथ्या दिवशी पुण्याहून फोन आला. पडद्यावर चाळिशीच्या एक बाई होत्या, केस कसेबसे बांधलेले. “मी नीरजा टिपणीस. हस्तवाणीच्या भाषेचं काम माझ्याकडे आहे. हे तेवीस शेरे कुणी लिहिलेत?”

“मी.”

“तुम्ही बधिरांच्या शाळेत शिकवता का?”

“नाही,” ईश्वरी म्हणाली, “मी नववीत आहे.”

टिपणीसबाई पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, “कार्ड आहे तुझ्याकडे?”

*

कार्ड असलं तरी अशा लांब मुदतीच्या कामाला संमतीची मुलाखत लागायची; तो एक सोहळाच झाला. नियम असा की निरीक्षकांनी पालकांशी थेट बोलायचं आणि मुलीने स्वतःच्या पालकांचं भाषांतर करायचं नाही. म्हणून पडद्यावर निरीक्षकबाईंच्या शेजारी खुणांची भाषा जाणणारे एक दुभाषी गृहस्थ बसले होते. ईश्वरीला आयुष्यात पहिल्यांदाच कोपऱ्यातल्या स्टुलावर नुसतं बसायला मिळालं.

“मुलीला हे काम करू द्यायला तुमची हरकत नाही ना?” निरीक्षकबाईंनी विचारलं.

ईश्वरीला वाटलं, पप्पा मान डोलावतील आणि संपेल. पण पप्पांचे हात उठले ते खाली येईचनात. दुभाषी त्यांच्यामागे धावत बोलत राहिले.

“हिने एखादा दिवस काम केलं नाही तर चालेल का? परीक्षा असली तर? ती जे शिकवेल त्यावर नाव कुणाचं लागेल? यंत्र चुकलं आणि त्यामुळे कुणाचं नुकसान झालं तर बोल हिला लागेल का? आणि काम थांबवायचं असेल तर मी कुणाला सांगायचं? म्हणजे मी. ती नव्हे.”

निरीक्षकबाईंनी चष्मा काढून पुसला. “इतके नेमके प्रश्न मला आजवर कुठल्या पालकाने विचारले नाहीत,” त्या म्हणाल्या आणि एकेकाचं उत्तर देत गेल्या. पप्पांनी शेवटी सही केली. मम्मीने तिच्या पद्धतीने भर घातली, “दोन तास म्हणजे दोनच तास. मी घड्याळ लावणार आहे.”

ईश्वरीला पप्पांचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी आत कुठेतरी काहीतरी टोचलं. काय, ते तिने त्या दिवशी उकरून पाहिलं नाही.

*

काम सुरू झालं. शाळेतून आली की चार ते सहा.

यंत्र कसं चालतं, हे टिपणीसबाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात समजावलं. बोट हलायच्या आधी मेंदूकडून निघालेला इशारा मज्जातंतूंवरून कोपराखालच्या स्नायूंपर्यंत येतो. स्नायू आकसतो तेव्हा अगदी क्षीण वीज निर्माण होते, व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास. मनगटावरची पट्टी ती टिपते. कुठल्या स्नायूत केव्हा आणि किती वीज आली, त्यावरून कुठलं बोट किती वाकलं हे यंत्र ताडतं आणि त्या आकाराला शब्द लावतं. शब्द गळ्यातल्या बिल्ल्याएवढ्या स्पीकरमधून बाहेर पडतात. समोरच्याचं बोलणं उलट दिशेने येतं, म्हणजे चष्म्याच्या काचेवर अक्षरांत उमटतं.

“पण बोटं म्हणजे अर्धीच भाषा,” ईश्वरी म्हणाली. “‘तू आलास’ आणि ‘तू आलास का?’ यांत हात सारखेच असतात. भुवई वर गेली की प्रश्न.”

“म्हणून तर नव्या चष्म्याच्या दांडीत घालणाऱ्याचा चेहरा बघणारे दोन कॅमेरे ठेवलेत,” टिपणीसबाई म्हणाल्या. “डोळे आम्ही दिलेत यंत्राला. काय बघायचं ते तू शिकव.”

बधिर माणसांनी आपल्या राजीखुशीने पाठवलेल्या चित्रफिती यायच्या. यंत्राने त्यांचं काय भाषांतर केलंय ते ईश्वरीने तपासायचं, चुकलं असेल तिथे का चुकलं ते लिहायचं. तिला हे काम इतकं अंगचं वाटलं, की मम्मीचं घड्याळ वाजलं की ती दचकायची.

एक चूक मात्र तिला छळू लागली. हातांच्या भाषेत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ या सगळ्यांना एकच खूण, समोरच्याकडे बोट. यंत्र सरसकट ‘तू’ म्हणायचं. साठीची बाई डॉक्टरांना विचारतेय, “तू उद्या येशील का?” नातू आजोबांना सांगतोय, “तू औषध घे.” ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलत आणि बोलणाऱ्याला पत्ताही नसे. पुण्याच्या लोकांनी ठरवलं होतं, सरळ सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणू या. मग आई लेकराला म्हणायला लागली, “तुम्ही जेवलात का?” ते तर अधिकच वाईट.

“भाषेतच फरक नसेल तर यंत्र कुठून आणणार?” टिपणीसबाई म्हणाल्या.

“फरक आहे,” ईश्वरी म्हणाली. “मला कळतो. कशावरून कळतो, ते कळत नाही.”

तीन आठवडे ती बघत राहिली. मम्मी शेजारच्या काकूंशी बोलताना, मम्मी मुख्याध्यापिकांशी बोलताना. पप्पा भाजीवाल्याशी, पप्पा देवळातल्या गुरवांशी. आणि एका रविवारी सकाळी, मम्मी एका वयस्कर गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं माप घेत असताना, तिला ते दिसलं. बोट उठायच्या किंचित आधी मम्मीची हनुवटी खाली आली. जेमतेम एका ज्वारीच्या दाण्याएवढी. ‘तू’ म्हणताना हनुवटी जागची हलत नव्हती.

तिने चारशेबारा चित्रफितींवर खुणा केल्या. चष्म्यात मानेची हालचाल टिपणारा संवेदक होताच. त्याकडे आजवर कुणी लक्ष दिलं नव्हतं. यंत्र आठ दिवसांत शिकलं. पुण्याहून जो अहवाल निघाला त्यात एक ओळ होती: ‘हनुवटीचा नियम. शोध: ईश्वरी विरूपाक्ष म्हेत्रे, वय १४, इचलकरंजी.’

पप्पांनी ते पान छापून आणलं आणि कारखान्यात मागामागावर फिरून दाखवलं. बत्तीस मागांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नव्हतंच. सगळ्यांनी हातांनीच शाबासकी दिली.

*

दिवाळीनंतर चाचणीचा संच घरी आला. एक पट्टी, एक चष्मा, एक बिल्ला. पप्पांनी तो घालून मम्मीशी, ईश्वरीशी, भिंतीवरच्या पालीशीही बोलून पाहिलं. मग संच उतरवून ठेवला आणि हातांनी म्हणाले, “गुरुवारी शेठकडे जातो. जॉबरच्या जागेचं बोलायला.”

ईश्वरी चष्म्याची काच पुसत राहिली.

जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, मागवाल्यांवर देखरेख ठेवणारा माणूस. पप्पांना अकरा वर्षं मागावर झाली होती. मागाच्या सांगाड्यावर तळहात टेकवला की आडवा दोरा नेणारा धोटा कुठे अडखळतोय हे त्यांना कळायचं. दोन वर्षांपूर्वी ते ईश्वरीला बरोबर घेऊन शेठकडे गेले होते. शेठ तेव्हा म्हणाले होते, “अगं, मुक्याला जॉबर कसा करू? चार माणसांना सांगणार काय न् कसा?” आणि बारा वर्षांच्या ईश्वरीने पप्पांना हातांनी सांगितलं होतं, “बघू म्हणतायत. पुढच्या वर्षी.”

आता शेठ जे म्हणतील ते अक्षरशः काचेवर उमटणार होतं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात टिपणीसबाईंनी सगळ्या तपासनिसांना एक प्रश्न पाठवला होता. लागट शब्द यंत्राने मवाळ करून दाखवावेत का? चाचणीच्या संचांत तशी सोय करून ठेवली होती. एक कळ दाबली की ‘मुका’चं ‘ऐकू न येणारे गृहस्थ’ व्हायचं. ईश्वरीचं बोट त्या कळेवर दोनदा गेलं. कुणाला कळलंही नसतं. दहा वर्षं तिने हेच तर केलं होतं, आणि यंत्र ते तिच्याहून सफाईने करणार होतं.

बुधवारी शाळेतून आल्या आल्या ती गच्चीवर गेली. पप्पा वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होते. तिने त्यांच्या हातातून चादर घेऊन दोरीवर टाकली, म्हणजे दोघांचे हात मोकळे झाले, आणि शेठचं ते वाक्य होतं तसं सांगितलं. ‘मुका’ ही खूणसुद्धा गाळली नाही, आणि यंत्रातल्या त्या मवाळ करणाऱ्या कळेचंही सांगितलं.

पप्पा हसले. “ते मला माहीत आहे. ‘मुका’ हा शब्द ओठांवर ओळखायला कान लागत नाहीत. लहानपणापासून पाहतोय.”

“मग तेव्हा काही म्हणाला का नाहीत?”

“तू बारा वर्षांची होतीस. तो शब्द तुला माझ्यासमोर परत उच्चारायला लागू नये, असं वाटलं.” त्यांनी हात झटकला. “ते जाऊ दे. मी जे बोललो, ते शेठ विसरले वाटतं. एवढं सांगितलं मी, पण मान नुसती हलवत होते.”

संमतीच्या मुलाखतीच्या दिवशी आत काय टोचलं होतं, ते ईश्वरीला इथे कळलं. 

“मी ते सगळं सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“तुम्ही पुष्कळ बोललात. शेठ घड्याळाकडे बघत होते. मला लाज वाटत होती. मी एवढंच म्हणाले, ‘पप्पांना जॉबर व्हायचंय.’”

 पप्पा एक पाऊल पुढे आले. “आणि बाकीच्या वेळी?”

“बहुतेक वेळा. थोडक्यात सांगायचे मी. तुमचं सगळं कधीच नाही.”

शेठचा शब्द पप्पांना लागला नव्हता. हा लागला. ते कठड्यापाशी जाऊन उभे राहिले, पाठ तिच्याकडे. बहिऱ्या माणसाने पाठ फिरवली की बोलणं संपलं. दार लावल्यासारखंच असतं ते. ईश्वरी उरलेल्या चादरींच्या घड्या घालत राहिली. हाक मारण्यात अर्थ नव्हता.

शेवटची घडी झाल्यावर पप्पा वळले. त्यांचे डोळे लाल होते, पण हात स्थिर होते. “एवढंसं पोर होतीस. तुझ्या डोक्यावर दोन माणसांचं बोलणं आम्ही दिलं. जेवढं पेललं तेवढं तू नेलंस.” मग ते म्हणाले, “उद्या चल माझ्याबरोबर. पण मधे उभी राहू नकोस. आणि यंत्रात काही मऊबिऊ करू नकोस. त्यांचंही पूर्ण येऊ दे, माझंही पूर्ण जाऊ दे.”

खाली येऊन ईश्वरीने टिपणीसबाईंना उत्तर लिहिलं. ‘मवाळ करू नये. तोडूही नये. ज्याचं बोलणं आहे, त्याला ते सबंध मिळालं पाहिजे. हे मी दहा वर्षं चुकीचं करून शिकले आहे.’

*

गुरुवारी शाळेला अर्धी सुट्टी होती. शेठच्या काचेच्या केबिनीत मागांचा आवाज थोडा दबून येत होता. पप्पांनी चष्मा घातला, पट्टी घट्ट केली, शर्टावर बिल्ला लावला. ईश्वरी दाराशी थांबली.

पप्पांची हनुवटी दाण्याएवढी खाली आली आणि बिल्ल्यातून पुरुषी, जरा कोरडा आवाज निघाला, “नमस्कार शेठ. तुमचा थोडा वेळ हवाय.”

उत्तुरे शेठ खुर्चीत दचकले. मग ईश्वरीकडे वळून म्हणाले, “काय गं हे? मुक्याला वाचा फुटली की काय?”

काचेवर ते शब्द उमटले. ईश्वरीने पप्पांना ते वाचताना पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

“फुटली, शेठ. आता ऐका. दोन वर्षांपूर्वी तुम्ही विचारलंत, मी चार माणसांना सांगणार कसं. तुमच्या कारखान्यात बत्तीस माग आहेत. ते चालू असताना ऐकू येणारा जॉबरसुद्धा तोंडाने बोलत नाही, हातानेच बोलतो. कांडी संपली, तार तुटली, माग थांबव, या सगळ्या खुणा तुमच्या माणसांना कुणी शिकवल्या? मी शिकवल्या. अकरा वर्षांत जो नवा माणूस आला, त्याला पहिल्या आठवड्यात मीच शिकवलं. तुमचा कारखाना माझ्या भाषेत चालतो.”

 हे ईश्वरीला माहीत नव्हतं. हे पप्पा दोन वर्षांपूर्वीही बोलले असतील, आणि तिने पप्पांच्या हातांऐवजी शेठच्या घड्याळाकडे बघत ते गिळलं होतं. वाक्य संपलं तरी ते तिच्या कानांत घुमत राहिलं. काय बोलतो हा माणूस! आपले पप्पा!

शेठनी काचेबाहेर पाहिलं. बाहेर सातव्या मागावरचा पोरगेला कामगार पलीकडच्याला दोन बोटं फिरवून काहीतरी सांगत होता, आणि पलीकडचा मान हलवत होता. रोजचंच दृश्य. शेठ ते पहिल्यांदा बघावं तसं बघत राहिले. मग जुन्या सवयीने ईश्वरीकडे वळले.

“खरंच यानंच शिकवलं म्हणतेस का गं सगळ्यांना? आणि माग बिघडला तर काय करणार तो? विचार बघू त्याला.”

ईश्वरीचे हात आपोआप उठू लागले. तिने ते पाठीमागे एकमेकांत गुंतवले.

“त्यांनाच विचारा, शेठ,” ती म्हणाली.

शेठ अवघडले. खुर्चीत जरा सरसावून बसले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा विरूपाक्ष म्हेत्रेंच्या तोंडाकडे बघून म्हणाले, “बरं. सांग. एक ओळ देतो, आठ माग. महिनाभर बघू. पहिल्या दिवशी काय करशील?”

पप्पांनी बाह्या सरसावल्या. हनुवटी खाली आली, हात उठले आणि बिल्ला बोलू लागला. चौथ्या मागाचा सांगाडा डाव्या अंगाला कसा थरथरतो, अकराव्यावर धोटा का झिजतो, तेल कुठल्या वेळी घालावं आणि मागचे जॉबर ते का विसरतात, नव्या पोरांना पहिल्याच दिवशी चालू मागावर का उभं करू नये. एक मुद्दा संपला की दुसरा. शेठनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, पप्पांनी ते पाहिलं, आणि तरीही ते थांबले नाहीत.

“अरे दमानं, दमानं,” शेठ कागद ओढत म्हणाले, “लिहून तर घेऊ दे.”

ईश्वरी दाराजवळच्या कापडाच्या ताग्यांवर टेकली. तिला घाई नव्हती. पप्पांचं बोलणं अजून बरंच बाकी होतं.